वाळूवरचा कडुनिंबाचा डहाळा

पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर वेलापट्टण नावाच्या बंदरात सुबाहू राजाचा अंमल चालू असताना बोधिसत्त्व एका दवंडी देणाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुघोष. ही हकीकत शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका वैतागलेल्या भिक्षूला सांगितली, म्हणून आधी त्या भिक्षूविषयी थोडे सांगायला हवे.

त्याचे नाव सोमदत्त. वर्षावासाचे दिवस होते. पावसात विहारामागच्या माळावर गवत माजते, त्यात बेडूक, किडामुंगी, टिटवीची अंडी असतात. म्हणून त्या माळावरून कुणी चालू नये असा नियम होता, आणि तो सर्वांना सांगण्याचे काम सोमदत्ताकडे होते. तो सकाळी सांगे, दुपारी सांगे. भिक्षू मान डोलावीत आणि माळावरूनच पाण्याला जात, कारण वळसा घालून गेले तर विहीर लांब पडत असे. त्यातही पिंगल नावाचा एक तरुण भिक्षू होता, तो तर सोमदत्त सांगत असतानाच चालू लागे. दान घेऊन येणारी विपुला नावाची वृद्ध उपासिका रोज फाटकाशी उभी राहून सगळ्यांना चार शब्द सुनावी, तरी फरक पडत नव्हता.

शेवटी सोमदत्त शास्त्यांपुढे येऊन बसला. "भन्ते, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या," तो म्हणाला. "सांगून सांगून माझी जीभ झिजली. बहिरे असते तर मी समजू शकलो असतो. यांना ऐकू येतं."

शास्ते किंचित हसले. "सोमदत्ता, तू हात टेकलेस ते काही आज पहिल्यांदा नाही. मागेही एकदा टेकले होतेस." एवढे बोलून त्यांनी घडलेले सांगितले.

वेलापट्टणात रोज संध्याकाळी उंडीच्या जुन्या झाडाखाली गावची बातमी होत असे. होड्या ओढून झाल्या, जाळी पसरून झाली की लोक तिथे जमत आणि सुघोष डफ घेऊन पारावर उभा राही. कुणाचे गलबत लागले, कुणाची म्हैस चुकली, कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, उद्या वारा कसा राहील, हे सगळे तो सांगे. राजाची आज्ञा असली तर डफावर काठी मारी. कुणाच्या घरी बाळंतपण असले तर मात्र काठी खाली ठेवून नुसत्या तळहाताने वाजवी. तो मऊ आवाज कानावर आला की लोक आपोआप हळू बोलू लागत.

बाळंतपणाच्या बातमीला एक अट होती. सुईण स्वतः येऊन "मी पाहिलं" असे म्हणेपर्यंत ती बातमी कुणी द्यायची नाही. एकदा ती दिली गेली की त्या घराच्या दारात कडुनिंबाचा डहाळा बांधला जाई. मग बाळंतीण मोकळी होईपर्यंत आणि पुढे सोयराचे दहा दिवस तिथे परका माणूस पाऊल टाकत नसे. नव्याने आलेल्या एका करवसुली अधिकाऱ्याने एकदा डहाळा न जुमानता आत जायला पाहिले, तेव्हा बायकांनी त्याच्या अंगावर राखेचे पाणी ओतले होते. तो ओरडत राजाकडे गेला. राजाने त्याला अंघोळ करून यायला सांगितले आणि विषय तिथेच संपवला.

आता गोमिलविषयी. गोमिल हा किनाऱ्याचा राखणदार होता. राजा सुबाहूने गादीवर येताच आज्ञा काढली होती की मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, म्हणजे कासवी अंडी घालायला वर येतात त्या दिवसांत, काळ्या खडकापासून नदीच्या मुखापर्यंतच्या वाळूवर कुणी फिरू नये, होडी ओढू नये, अंडी उकरू नयेत. आज्ञा काढणे सोपे होते. ती पाळून घेण्याचे काम गोमिलवर आले होते, आणि त्याला आता बारा वर्षे झाली होती.

वेलापट्टणचे लोक वाईट नव्हते. हे गोमिलही कबूल करी, पण जेवण झाल्यावर, सावलीत बसलेला असताना. एरवी त्यांचे नाव काढले तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्याने घरट्याभोवती काठ्यांचे कुंपण घातले की दुसऱ्या दिवशी त्या काठ्यांवर कुणाचे तरी जाळे वाळत असे. त्याने दोर बांधला की दोर म्हशीच्या गळ्यात दिसे. तो एखाद्याला म्हणे, "इकडून जाऊ नकोस." तो माणूस थांबून विचारी, "का? काय आहे तिथं?" गोमिल सांगे, "कासवाची अंडी आहेत." मग तो माणूस म्हणे, "असं होय? बघू कुठं," आणि नेमका घरट्यावर जाऊन उभा राही.

अंडी उकरणारे वेगळे. ते निदान लपून तरी येत. गोमिलला खरा राग होता तो उघड्या तोंडाने, हसत, पोराबाळांना घेऊन घरटी तुडवणाऱ्या सज्जन माणसांचा.

त्या वर्षी गोष्ट जास्तच बिघडली. गावात मणिगुप्त नावाचा श्रेष्ठी होता. घाटावरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याने पांथशाळा बांधली होती आणि तिच्यापुढचीच ती वाळू त्याला हवी होती. तो राजाकडे गेला आणि गोड शब्दांत म्हणाला, "महाराज, बारा वर्षं वाळू राखून ठेवली. एक तरी पिल्लू समुद्रात गेलेलं आपण पाहिलंत का?" राजाने पाहिले नव्हते. राजे पहाटे वाळूवर कशाला जातात? पण प्रश्न त्याच्या मनात राहिला, आणि त्याने ठरवले की चैत्र अमावास्येला स्वतः यायचे. तेव्हा पिल्लू दिसले तर आज्ञा कायम, नाही तर वाळू श्रेष्ठीची.

गोमिलने हे ऐकले तेव्हा माघ महिना सरत आला होता आणि त्या हंगामातल्या अकरा घरट्यांपैकी एकच शिल्लक होते.

तो तडक सुघोषकडे गेला. "आज जोरात सांग," तो म्हणाला. "नुसतं 'जाऊ नका' नको. चाबकाचे फटके सांग. गाढवावरून धिंड सांग. आणि घरटं कुठं आहे ते नीट सांग, म्हणजे चुकून गेलो म्हणायला कुणाला जागा नको. केवड्याच्या तिसऱ्या झुडपापासून वीस पावलं."

सुघोषने विचारले, "दादा, जागा सांगायची?"

"सांग म्हणतोय ना."

आज्ञा राजाची होती आणि राखणदार तोच होता. सुघोषने त्या संध्याकाळी डफावर काठी मारून सगळे सांगितले, झुडूप आणि पावलांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे वेलापट्टण केवड्याच्या तिसऱ्या झुडपापाशी उभे होते. कुणी पावले मोजत होते. दोघे विसावे पाऊल नेमके कुठे पडते यावरून भांडत होते, आणि तिसरा त्यांच्या मधोमध उभा राहून निवाडा करत होता. तो जिथे उभा होता तिथेच घरटे होते.

गोमिल ओरडला नाही. ओरडण्याच्या पलीकडे गेलेला माणूस जसा बसतो तसा तो वाळूत बसला. लोकांनी त्याला विचारले, "अरे गोमिल, कुठाय ते घरटं? इथं तर काहीच दिसत नाही." त्याने कपाळाला हात लावला तो दुपारपर्यंत काढला नाही.

त्याच दिवशी मणिगुप्त सुघोषच्या घरी आला. त्याने सोन्याचे कडे पुढे ठेवले. "तुझ्या आवाजात जादू आहे," तो म्हणाला. "तू नको म्हटलंस आणि गाव लोटलं. आता 'या' म्हण. घाटावरच्या पाहुण्यांना वाळूवर मेजवानी देईन, कासव दिसलं तर दिसलं. आज्ञा तशीही चार दिवसांची आहे. तुला फक्त आधी सांगायचंय."

"श्रेष्ठी," सुघोष म्हणाला, "चार दिवसांची असली तरी आज्ञा आहे. ती उठली तर उठली म्हणून सांगेन. आज सांगणार नाही." त्याने कडे उचलून श्रेष्ठीच्या हातात परत दिले. मणिगुप्त हसला आणि गेला. त्याला घाई नव्हती.

संध्याकाळच्या आधी गोमिल आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "माझं ऐक," तो म्हणाला. "एक उपाय आहे. आज उंडीखाली सांग की काळ्या खडकाशी नागांचं वारूळ फुटलंय. किंवा बुडालेल्या गलबतावरचे मुडदे तिथं लागलेत आणि आवाज येतात. एक माणूस फिरकणार नाही. माझ्या तोंडावर कुणाचा विश्वास नाही, तुझ्या तोंडावर आहे."

"म्हणूनच सांगता येत नाही, दादा."

"का?"

"गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मी म्हटलं, उद्या होड्या काढू नका, वादळ आहे. आभाळ निरभ्र होतं. तरी एकाही घरची होडी निघाली नाही, आणि रात्री वादळ आलं. नाग नाहीत हे लोकांना दहा दिवसांत कळेल. मग पुढच्या वादळाच्या वेळी ते आधी आभाळाकडे बघतील."

गोमिल उसळला. "तुला गावाची काळजी आहे, मला नाही का? बारा वर्षं मी या वाळूवर उन्हात उभा आहे. एक खोटं, एकच, तेही मुक्या जिवांसाठी. एवढं तुझ्याच्याने होत नाही." मग तो थकून म्हणाला, "तुझं खरं तुझ्यापाशी ठेव. माझी कासवं मला परत आणून दे."

सुघोषला हे लागले. त्या संध्याकाळी त्याने फक्त म्हशीची आणि वाऱ्याची बातमी दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाट होताच तो वाळूवर गोमिलशेजारी जाऊन बसला. समुद्र शांत होता.

"दादा," सुघोष म्हणाला, "तू इथं अजून का बसतोस? घरटं तर एकही राहिलं नाही."

"ती येईल म्हणून," गोमिल म्हणाला.

"कोण ती?"

"आहे एक. पुढच्या डाव्या पायाला खाच आहे. मी राखणदार झालो त्या वर्षीही आली होती, माझ्या बापाने दाखवली. बाप म्हणायचा, तो लहान असताना याच वाळूतून पिल्लं गेली त्यातलीच ही असणार. एवढा मोठा समुद्र, पण कासवीला जिथं जन्मली तीच वाळू लागते. दुसरीकडे घालायची नाही. एका हंगामात दोनदा तरी येते. पहिलं घरटं काल तुमच्या विसाव्या पावलाखाली गेलं ते तिचंच. आता महिना होत आला, पुन्हा येईल. तिला काय माहीत आपण काय केलं ते. येईल आणि पुन्हा तुडवतील. मला ते बघायचं नाही आणि उठवतही नाही."

सुघोष त्याच्याकडे वळला. "हे तू मला बारा वर्षांत कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? आणि यात सांगायचं काय? कासव ते कासव."

"चूक माझी आहे," सुघोष म्हणाला. "बारा वर्षं मी डफ वाजवून 'जाऊ नका' म्हणतोय. कोण आलंय हे एकदाही सांगितलं नाही. अर्धी बातमी दिली मी. आपल्या गावची लेक बाळंतपणाला माहेरी येते, आणि मी तिची बातमी काठीने वाजवली."

गोमिलला वाटले याला ऊन लागले. पण सूर्य अजून उगवायचा होता.

सुघोष उठून थेट सुईणीच्या घरी गेला. तिचे नाव अंबिला. निम्मे वेलापट्टण तिच्या हातावर जन्मले होते आणि त्या निम्म्यांपैकी कुणाचेच तिच्यापुढे काही चालत नसे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मेल्या, तू मला कासवाची सुईण व्हायला सांगतोस?"

"नाही, आजी. फक्त बघायला सांगतो. तू पाहिलंस आणि बाळंतपण आहे म्हणालीस तर मी सांगेन. नाही म्हणालीस तर गप्प बसेन."

"माझे गुडघे बघ आणि तुझी वाळू बघ," म्हातारी म्हणाली, पण पहाटे आली. गोमिलने तिला केवड्याच्या आडोशाला बसवले. काही आले नाही. दुसऱ्या पहाटेही आले नाही. तिसऱ्या पहाटे ती गुडघ्यांना, वाळूला, गोमिलला आणि गोमिलच्या बापालाही बोलली. चौथ्या दिवशी म्हणाली, "उद्या मी येणार नाही," आणि पाचव्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

त्या पहाटे, उजाडता उजाडता, कासवी आली. ती पाण्याबाहेर निघाली, थांबली, चार पावले सरकली, पुन्हा थांबली. डाव्या पायाची खाच गोमिलला लांबूनच दिसली. तिने वाळू उकरली. अंबिला गुडघे विसरून पुढे झुकली. कासवी अंडी घालू लागली तेव्हा तिचा श्वास जड झाला आणि डोळ्यांतून पाणी गळू लागले. गोमिलने ते पूर्वी पाहिले होते. गोमिलचे म्हणणे होते की ते खारे पाणी आहे, समुद्रातले, बाहेर पडते. पण त्याने ते मोठ्याने म्हटले नाही, कारण म्हातारी कुजबुजत होती, "हो, बाई हो. होईल आता. दम धर."

कासवीने खड्डा बुजवला, वरची वाळू सारखी केली आणि मागे न बघता पाण्यात गेली. अंबिला उठली. "एकटी आली, एकटी गेली," ती म्हणाली. "आणि आपण सगळे घोरत पडलेलो. चल रे सुघोषा. मी पाहिलं."

संध्याकाळी उंडीखाली सुघोषने काठी पायाशी ठेवली आणि डफावर तळहाताने थाप दिली. मऊ आवाज गेला. लोक बोलायचे थांबले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण दिवस भरलेली गावात कुणी नव्हती.

"आपल्या गावची एक लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे," सुघोष म्हणाला. "सुईण अंबिला साक्षीला आहे."

"कुणाची रे?" कुणीतरी विचारले.

"या वाळूची. ती इथंच जन्मली. बारा वर्षं तरी ती येते आहे हे राखणदार गोमिलने पाहिलं आहे. तिच्या पुढच्या डाव्या पायाला खाच आहे. याच हंगामात ती एकदा येऊन गेली, आणि तिचं ते घरटं आपण तुडवलं. जागा मीच सांगितली होती. आज पहाटे ती पुन्हा आली. ती कासवी आहे. काळा खडक ते नदीचं मुख, एवढी तिची खोली. बारा वर्षांत आपण तिच्या दारात डहाळा बांधला नाही."

कुणीतरी हसले. अंबिलाने त्याच्याकडे पाहिले. त्याला तिनेच जगात आणले होते. त्याचे हसणे थांबले.

दुसऱ्या दिवशी गोमिल वाळूवर गेला तेव्हा काळ्या खडकापाशी एक काठी रोवलेली होती आणि तिला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता. नदीच्या मुखाशी दुसरा होता, केवड्याच्या झुडपांपाशी तिसरा. कुणी बांधले ते त्याला कधी कळले नाही. त्याच्या कुंपणाच्या काठ्यांवर बारा वर्षे जाळी वाळत होती. या तीन काठ्यांना कुणी हात लावला नाही. जाळी दुसरीकडे वाळू लागली. होड्या खडकापलीकडून ओढल्या जाऊ लागल्या आणि ओढणारे गपचूप ओढू लागले.

गोमिल सुखी झाला असे मात्र समजू नये. आता त्याच्या मागे वेगळाच ताप लागला. रोज सकाळी बायका डहाळ्यापाशी येऊन उभ्या राहत आणि विचारत, "कशी आहे?" तो म्हणे, "ती समुद्रात आहे. इथं अंडी आहेत." त्या म्हणत, "तेच विचारतोय, कशी आहेत?" एकीने ओव्याची धुरी द्यायला शेगडी आणली. श्रेष्ठी मणिगुप्ताची म्हातारी आई डिंकाचे लाडू घेऊन आली आणि ते वाळूत ठेवायचा हट्ट धरून बसली. गोमिलने हात जोडून सांगितले की कासवी लाडू खात नाहीत. "तू तिला विचारलंस?" म्हातारीने विचारले. शेवटी ते लाडू त्याने खाल्ले, आणि मग ती रोज आणू लागली.

सुघोष रोज संध्याकाळी, म्हशीच्या आणि वाऱ्याच्या बातमीच्या आधी, तळहाताने डफ वाजवून सांगे, "लेकीची अंडी सुखरूप आहेत." एक दिवस डहाळ्याच्या आत कुत्र्याच्या पावलांचे ठसे दिसले, तेव्हा त्याने तेही सांगितले. त्या दिवसापासून गावातली कुत्री बांधलेली दिसू लागली.

अकराव्या संध्याकाळी मणिगुप्त बातमीला आला. त्याने नम्रपणे हात जोडले. "गावची रीत मलाही मान्य आहे," तो म्हणाला. "सोयर दहा दिवसांचं. ते काल संपलं. आता डहाळा काढावा. माझ्याकडे पाहुणे उतरलेत, त्यांना उद्या वाळूवर न्यायचं आहे."

रीत तशीच होती. लोक चुळबुळू लागले. काहींना तर बोलणे बरोबरच वाटले. गोमिलने सुघोषकडे पाहिले. आता तरी हा काही जुळवून सांगेल, असे त्याला वाटले. सुघोष म्हणाला, "श्रेष्ठींनी रीत बरोबर सांगितली. दिवस कसे धरायचे ते सुईणीला विचारू."

अंबिला बसल्या जागेवरून म्हणाली, "मणिगुप्ता, सोयर कधीपासून धरतात?"

"बाळंतपण झाल्यापासून."

"पोर हाती आल्यापासून. तुझ्या वेळी तुझी आई दोन दिवस अडली होती. ते दोन दिवस कुणी धरले का? ही अजून मोकळी झालेली नाही. पोरं वाळूत आहेत. ती वर येतील, समुद्र बघतील, मग दहा दिवस मोज."

"ते खरं आहे," मागून मणिगुप्ताची आई म्हणाली. "दोन दिवस. मी मेलेच होते." लोक हसले आणि ती गोष्ट मिटली. मणिगुप्त तोंड मिटून घरी गेला, आणि आई त्याच्या मागोमाग त्याला ते दोन दिवस तपशिलाने सांगत गेली.

अशी चैत्र अमावास्या आली. त्या सकाळी घरट्यावरची वाळू मधोमध बोटभर खचली होती. ती खूण गोमिलला ठाऊक होती. दिवसभर तो तिथून हलला नाही. सूर्य बुडत असताना राजा सुबाहू लवाजम्यासह आला. सोबत वीस मशाली होत्या. राजा वाळूवर उतरला आणि थेट घरट्याकडे निघाला, कारण त्याला बघायचे होते आणि अंधार होत होता. पावलाभर अंतरावर केवड्यापाशी बांधलेला डहाळा आला तेव्हा तो थांबला. त्याला राखेचे पाणी आठवले असावे. त्याने पादत्राणे काढली आणि डहाळ्याच्या अलीकडेच वाळूत बसला. गाव त्याच्या मागे बसले.

पहिले पिल्लू वर आले तेव्हा कुणाला दिसलेही नाही, एवढे ते लहान होते. मग दुसरे आले, मग वाळूच उकळल्यासारखी हलू लागली. बायकांच्या तोंडून हलकेच आवाज निघाला. पिल्ले निघाली, आणि निघाली ती समुद्राकडे पाठ करून. राजाच्या मशालींकडे.

गोमिलला काय होते आहे ते कळले. पिल्ले वाळूतून आली की उजेडाकडे जातात. अमावास्येच्या किनाऱ्यावर उजेड म्हणजे समुद्राची चमक. आज उजेड राजाच्या मागे होता, आणि पांथशाळेच्या गच्चीवर रांगेने लावलेल्या दिव्यांत होता. राजाला मशाली विझवा म्हणून कुणी सांगायचे? बारा वर्षांचा राग गोमिलच्या हातात आला. त्याने जवळच्या मशालजीच्या हातातली मशाल ओढली आणि वाळूत खुपसली.

शिपाई पुढे झाले. राजा वळला. त्याच क्षणी सुघोषने डफावर तळहाताने थाप दिली. "लेक मोकळी होते आहे," तो म्हणाला. "पोरं वाळूवर आली आहेत. ती उजेडाला भुलली आहेत."

"बाळंतिणीच्या खोलीत कुणी मशाली पेटवतं का रे?" अंबिला राजाच्या पाठीमागून म्हणाली. तिने त्यालाही जगात आणले होते.

राजाने हात हलवला आणि मशाली एकामागून एक वाळूत गेल्या. मग कुणी न सांगता गावातले दिवे विझू लागले. कोळीवाड्यातले गेले, बाजारातले गेले, देवळातला समईचा उजेड कुणीतरी दार लोटून झाकला. फक्त पांथशाळेची गच्ची उजळलेली राहिली. मणिगुप्त तिथे पाहुण्यांबरोबर उभा होता. पिल्ले आता त्याच्याकडे चालली होती.

मग गच्चीवर एक वाकलेली आकृती दिसली. तिने पहिला दिवा फुंकला, पुढे सरकली, दुसरा फुंकला. तिला सावकाशच चालता येत होते आणि दिवे पुष्कळ होते. मणिगुप्त आईला काहीतरी म्हणाला. तिने तिसरा फुंकला. तेव्हा त्याने उरलेले दिवे स्वतः विझवले.

किनाऱ्यावर पूर्ण काळोख झाला, आणि त्या काळोखात समुद्राची फिकी कड दिसू लागली. पिल्ले थांबली. मग वळली. ती राजाच्या गुडघ्यांजवळून, गोमिलच्या पायांमधून, एकमेकांवर पडत, उठत पाण्याकडे गेली. कुणी हलले नाही. शेवटचे पिल्लू लाटेत गेल्यावर राजाने बाजूला बघून विचारले, "पुन्हा कधी येईल ती?"

गोमिल रडत होता आणि त्यामुळे आणखीच चिडला होता. "येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. "तुम्ही मशाली आणू नका."

वाळू राखीव राहिली. पुढच्या मार्गशीर्षात खाच असलेली कासवी आली तेव्हा ती बातमी सुघोषच्या आधी साऱ्या गावाला कळली होती, आणि गोमिलच्या दारात लाडवांचा डबा येऊन पडला होता.

एवढे सांगून शास्त्यांनी तेव्हाच्या माणसांची आताची ओळख पटवली. "तो राखणदार गोमिल म्हणजे सोमदत्ता, तूच. सुईण अंबिला ही आपली विपुला उपासिका. तेव्हाही तिचे गुडघे दुखत असत. श्रेष्ठी मणिगुप्त हा पिंगल, आणि त्याची आई ही पिंगलची या जन्मीचीही आई, जी त्याला विहारात सोडून गेली. राजा सुबाहू तो, जो आज या विहाराला जमीन देणारा गृहस्थ आहे. दवंडी देणारा सुघोष मी होतो. लोभाने बातमी विकणे किंवा दयेपोटी ती खोटी सांगणे, यातले काहीही न करता ती पूर्ण खरी कळेपर्यंत थांबणे, ही त्या जन्मी मी पुरी केलेली सत्यपारमिता. पुन्हा पुन्हा सांगावे लागले तरी कंटाळू नये, ही क्षान्तिपारमिता तू अजून पुरी करायची आहेस."

सोमदत्ताने वंदन केले आणि तो माळाकडे गेला. पिंगल घागर घेऊन गवतातून येत होता. सोमदत्ताने ओरडण्यासाठी तोंड उघडले, मिटले आणि त्याला बोटाने जवळ बोलावले. "हळू ये," तो म्हणाला. "तुझ्या डाव्या पायाशी टिटवीची चार अंडी आहेत. आई समोरच्या दगडावर बसून तुझ्याकडे बघते आहे."

पिंगलने खाली पाहिले. मग तो आला तसाच, एकेक पाऊल बघत, मागे गेला आणि वळसा घालून आला. सोमदत्त त्याची वाट पाहत उभा राहिला, कारण मागून अजून तिघे घागरी घेऊन गवतात शिरत होते.